मागचे शॉकअप बदलले आणि हँडल बिघडलं

वाचकांचे प्रश्न

पाऊस संपून सडे (कोकणातली कातळाची पठारं) सुकायला लागले की जुन्या गाड्यांवरची पत्रं वाढतात. यावेळी पाच पत्रं ट्रायल्सवरचीच निघाली, आणि पाचही जणांचं दुखणं मागच्या चाकाच्या आसपासचं, म्हणून सगळी एकत्रच घेतो. ज्यांना ट्रायल्स माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी : ही शर्यत नसते. दगड, वहाळ, चढ, पायऱ्या असा छोटा टप्पा आखलेला असतो आणि तो पाय न टेकता पार करायचा, एकदा पाय टेकला की एक गुण दंड, दोनदा टेकला की दोन, तीन किंवा जास्त वेळा टेकला की तीन, अडकलात किंवा पडलात तर पाच. वेग माणसाच्या चालीइतका. त्यामुळे सत्तरच्या स्पीडला जी गोष्ट कळतही नाही ती इथे हातात लगेच जाणवते.

प्रश्न (राजापूर तालुका) : दादा, नमस्कार. वडिलांची १९७४ची बुलेट ३५० आहे, मी ती गेल्या वर्षी ट्रायल्ससाठी तयार केली. मडगार्ड हलके केले, हँडल रुंद लावलं, आणि खालून दगड लागू नये म्हणून मागे दीड इंच लांब शॉकअप टाकले. चढाला गाडी छान जाते, वळतेही पटकन. पण उतारावर, विशेषतः पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरताना, हँडल एकदम आत पडतं, दोनदा पडलो. शिवाय चेन कुठेतरी घासल्याचा आवाज येतो. टी-स्टेमचे (हँडल ज्यावर फिरतं त्या दांड्याचे) बेअरिंग बदलले, फरक नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : आधी एक सांगा, मेन स्टँडवर लावली की मागचं चाक अजून अधांतरी राहतं का? बहुतेक राहत नसेल, जमिनीला टेकत असेल, आणि साइड स्टँडवर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलत असेल. बेअरिंगवर खर्च करण्याआधी हे बघायला हवं होतं, कारण हँडलचं दुखणं तुमच्या हँडलमध्ये नाहीच आहे, ते तुम्ही मागून पाठवलंय.

गाडी बाजूने बघा. बुलेटच्या दोन चाकांमधलं अंतर १३७० मिलिमीटर. मागची बाजू एक इंच उचलली की अख्खी गाडी पुढच्या एक्सलभोवती साधारण एक डिग्री पुढे झुकते, म्हणजे फोर्क एक डिग्री उभा होतो. तुम्ही दीड इंच घातलेत, त्यात शॉकअपचा खालचा बोल्ट एक्सलच्या थोडा पुढे असतो म्हणून चाक दीड इंचापेक्षा जरा जास्तच खाली जातं, तर धरा पावणेदोन डिग्री. ऐकायला काहीच वाटत नाही. पण आता ट्रेल बघा. टी-स्टेमच्या दांड्याची रेघ मनातल्या मनात तशीच खाली जमिनीपर्यंत न्या, ती जिथे टेकते त्याच्या थोडं मागे टायर जमिनीला टेकतो, त्या दोघांतलं अंतर म्हणजे ट्रेल. टायर मागे असतो म्हणून चाक ओढलं जाऊन आपोआप सरळ होतं, दवाखान्यातल्या स्ट्रेचरची चाकं कशी आपोआप दिशा धरतात तसं. एक डिग्रीला ट्रेल सहा-सात मिलिमीटर कमी होतो, तुमचा अकरा-बारा कमी झालाय. हँडलला सरळ धरून ठेवणारा जो हात होता त्यातला बराच जोर गेला.

चढाला गाडी बरी का वाटते तेही याच हिशेबात आहे. चढावर वजन मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं, तिथे मागून उचललेली गाडी पुढे थोडं वजन ठेवते आणि ट्रेल कमी म्हणून दगडादगडांतून हँडल हलकं फिरतं. उतारावर सगळं उलटं, आधीच वजन पुढे, त्यात तुमचे पावणेदोन डिग्री, त्यात पुढचा ब्रेक धरला की फोर्क दबून अजून उभा.

आणि पाखाडीवर याच्यावर अजून एक गोष्ट चढते, ती मला स्वतःला पडल्याशिवाय कळली नाही. काही वर्षांपूर्वी पावसच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या आगरात त्यांना विचारून मी गाडी उतरवत होतो, जांभ्याच्या सात पायऱ्या, पायरीची उंची वीतभर, माझ्याही गाडीला तेव्हा लांब शॉकअप होते. दुसऱ्या पायरीवरून मागचं चाक खाली आपटलं, स्प्रिंग दबली, आणि पुढचं चाक तिसरी पायरी उतरत असतानाच ती स्प्रिंग सुटली आणि तिने मागून अख्खी गाडी वर फेकली. त्याच क्षणी पुढचा फोर्क पूर्ण दबला, हँडल डावीकडे मिटलं आणि मी उजव्या मनगटावर. तीन आठवडे हाताला पट्टा. शॉकअप अगदी नवे होते, गळत नव्हते, पण त्यांना रिबाउंड म्हणावा असा नव्हताच, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत येताना तिला धरून ठेवणारी जी तेलाची अडवणूक असते ती फारच थोडी होती. रस्त्यावर अशी गाडी गुबगुबीत आणि आरामशीर वाटते. पायऱ्यांवर तीच पाठीत लाथ घालते.

तुमच्याकडे हेच होतंय का ते बघायला एक साधी गोष्ट करा. तांबडी माती पाण्यात कालवून लापशीसारखी करा आणि मागच्या टायरवर पूर्ण गोल फासा. कोरड्या, धुतलेल्या चार-पाच पायऱ्या चालीच्या वेगाने उतरा, शेजारी माणूस उभा ठेवून. मग गाडी लावून परत वर या आणि पायऱ्यांवर वाका. जिथे टायर दबून चालला तिथे टायरच्या गोट्यांचे (नक्षीच्या उंचवट्यांचे) छाप रुंद आणि ठसठशीत दिसतील, जिथे हलका झाला तिथे छाप अरुंद, नुसता मधला भाग उठलेला, आणि जिथे उडाला तिथे पायरी कोरी. माझ्या गाडीच्या पायऱ्यांवर प्रत्येक कडेनंतर वीतभर कोरी जागा होती. रिबाउंड नीट केल्यावर ती चार बोटांवर आली. इतका स्पष्ट पुरावा कुठल्याही मशीनवर मिळणार नाही.

आता चेन. चिमटा, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणारा फ्रेमचा हात, जितका खाली लोंबतो तितकी चेन त्याच्या वरच्या अंगाला घासते, तो आवाज बहुतेक तोच. पण आवाजापेक्षा मला दुसरी काळजी आहे. पुढचं स्पॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेघेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते, म्हणजे सर्वात घट्ट जागा मधेच कुठेतरी असते, लोंबलेल्या अवस्थेत नाही. तुम्ही गाडी उभी असताना चेनला ढील बघून ठेवली असेल तर चाक वर जाताना ती दोरीसारखी ताठ होत असेल, आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग त्या ताणाने जातं. गाडी इंजिनखाली लाकडी ठोकळ्यावर घ्या, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, चाक हाताने वर-खाली करत जिथे चेन सर्वात घट्ट होते ती जागा शोधा आणि तिथे पाऊण इंच ढील ठेवा. लोंबताना ती सैल दिसेल, दिसू दे. शॉकअप काढलेच आहेत तर चिमटा आडवाही हलवून बघा, बुशमध्ये खटखट असेल तर बाकी सगळं नंतर, आधी बुश. जुन्या बुलेटला बुश गेलेला असताना सस्पेन्शन सेट करणं म्हणजे वाळूत खुंटा ठोकणं.

मग काय करायचं? माझं स्पष्ट मत, मूळ लांबीचे शॉकअप परत लावा. लोक म्हणतात मागून उंची वाढली तर पुढूनही वाढवून घ्या, पण तुमची बुलेट हेडलाइटच्या कॅस्केटवाली असेल तर फोर्कच्या नळ्या वर कॅस्केटमध्ये आटे देऊन बसतात, नव्या गाड्यांसारख्या क्लॅम्पमध्ये वर-खाली सरकवता येत नाहीत, त्यामुळे तो मार्ग सोपा नाही. दगड लागू नये ही तुमची मूळ गरज, तर इंजिनखाली जाड पत्र्याची प्लेट लावा आणि सायलेन्सर वरच्या बाजूने न्या, क्लिअरन्सचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

मूळ शॉकअप लावल्यावर बैठक मोजा, म्हणजे तुम्ही चढल्यावर गाडी किती बसते ते. मागच्या एक्सलच्या बरोबर वर मडगार्डवर खडूची खूण करा. एकदा चाक अधांतरी असताना एक्सलपासून खुणेपर्यंत टेपने मोजा, मग तुम्ही फुटरेस्टवर उभे राहून कोणाकडून तरी मोजून घ्या. सीटवर बसून नको, ट्रायल्स उभ्यानेच चालवतात, तिथे वजन वेगळीकडे पडतं. या दोन मापांतला फरक एकूण ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास हवा, तीन इंच ट्रॅव्हल असेल तर एक इंच. आणि हे मोजताना गाडी एकदा दाबून हळू सोडा, एकदा उचलून हळू सोडा, दोन वेगळी मापं येतील. तो फरक म्हणजे तुमच्या बुशांमधलं आणि सीलमधलं घर्षण. माझ्या गाडीत तो नऊ मिलिमीटर होता, बुश बदलून वंगण केल्यावर तीनवर आला, आणि खरं सांगतो, एकाही नव्या पार्टने पडला नाही इतका फरक त्याने पडला, कारण मागचं चाक बारीक खडीवरसुद्धा हलायला लागलं.

शॉकअपच्या तळाची खाचांची रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते असा एक पक्का गैरसमज आहे. स्प्रिंग तेवढीच राहते, फक्त गाडी वर बसते किंवा खाली बसते. म्हणजे ती रिंग सुद्धा एका अर्थी उंचीचाच स्क्रू आहे, दोन खाचा वर नेल्या की थोडं तेच होणार जे लांब शॉकअपने झालं. बैठक जमवायला सगळ्यात वरची खाच लागत असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे, ती बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, त्याच पायऱ्या, तोच वेग, आणि वहीत लिहा. टायरची हवा पण लिहा, कारण ट्रायल्समध्ये टायर हाच पहिला शॉकअप असतो. रिम लॉक (टायर रिमला आतून आवळून धरणारे तुकडे) बसवलेले असतील तर बुलेटसारख्या जड गाडीला मी मागे ८ आणि पुढे १० पीएसआय ठेवतो, रिम लॉक नसताना एवढी कमी हवा नको, टायर रिमवर सरकून ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो. आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पूर्ण भरायची, पंप सोबत पाहिजेच.

एक विनंती पण करतो. पाखाडी ही गावाची येण्याजाण्याची वाट असते, म्हाताऱ्या बायका डोक्यावर भारा घेऊन तिथून उतरतात, सरावाला स्वतःच्या आगरातल्या पायऱ्या घ्या. आणि तुमच्या राजापुरात बारसू, देवाचे गोठणे अशा सड्यांवर कातळशिल्पं आहेत, काही अजून मातीखाली असतील, मोकळा कातळ दिसला म्हणून गाडी घालू नका, आधी गावात विचारा.

प्रश्न (चिपळूण) : आमच्याकडचे एक जुने मेकॅनिक काका म्हणतात की ट्रायल्सला मागे सस्पेन्शन नकोच, रिजिड फ्रेमच चांगली पकड देते, पूर्वीचे लोक तशाच चालवायचे. खरं आहे का?

उत्तर : काकांचं म्हणणं हवेतलं नाही. १९४०च्या दशकात इंग्लंडमधले बरेच चांगले रायडर हेच मानायचे, आणि त्याला कारण होतं. मागे काही हलतच नसेल तर थ्रॉटलचा प्रत्येक धक्का थेट टायरला पोचतो, किती पकड आहे ते पायाखाली कळतं, गाडी हलकी, लांबी कमी, देखभाल शून्य. त्या काळातल्या प्लंजर सस्पेन्शनमध्ये (चिमटा नाही, एक्सल उभ्या स्प्रिंगांवर सरळ वर-खाली सरकतो) चाक नीट धरलं जायचं नाही हेही खरं.

पण त्या वादाचा निकाल लावणाऱ्यांत आपल्या बुलेटचा मोठा वाटा आहे आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. १९४८च्या कोलमोर कप ट्रायलमध्ये रॉयल एनफिल्डने चिमट्याचं मागचं सस्पेन्शन असलेली ३५०ची बुलेट पहिल्यांदा दाखवली, म्हणजे ही गाडी लोकांसमोर आली तीच दगडधोंड्यांतून. त्याच वर्षीच्या आंतरराष्ट्रीय सिक्स डेज ट्रायलमध्ये ब्रिटनच्या विजेत्या टीममध्ये दोन बुलेट होत्या आणि दोघांनाही सुवर्णपदक मिळालं. पुढे १९५२ला जॉनी ब्रिटन नावाच्या रायडरने ३५०च्या बुलेटवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. मग ज्या चिमट्याला आपण फक्त रस्त्याचं सुख समजतो तो मुळात ट्रायल्समध्ये तावूनसुलाखून निघालेला आहे.

कारण साधं आहे. रिजिड गाडीचं चाक दगडावर चढलं की अख्खी गाडी आणि माणूस वर उचलावा लागतो, आणि दगड संपला की चाक हवेत. आपल्याकडे भिजलेल्या जांभ्यावर शेवाळ असतं, तिथे चाक क्षणभर सुटून परत फिरत फिरत टेकलं की संपलं, गाडी आडवी. सस्पेन्शनवालं चाक खाचेत उतरतं, परत वर येतं, दाब तुटत नाही. पण काकांना एक सांगा की त्यांचा अनुभव त्या शॉकअपवर लागू आहे जे जाम आहेत किंवा फार ताठ आहेत, तसे शॉकअप लावले तर गाडी रिजिडच होते आणि वर चिमट्याचं वजन फुकट.

प्रश्न (गुहागर) : दादा, मी आणि माझा भाऊ एक जुनी टू-स्ट्रोक अडीचशे ट्रायल्ससाठी बांधतोय, वेल्डिंग मी स्वतः करते. सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या गाड्यांच्या फोटोत शॉकअप पुढे कललेले दिसतात. आपणही वरचे माउंट पुढे घेऊन शॉकअप कलवले तर हँडलिंग सुधारेल का? फ्रेम कापायची तयारी आहे.

उत्तर : ताई, हातात वेल्डिंग आहे म्हणजे निम्मं काम तुमच्या ताब्यात आहे, पण फ्रेम कापायच्या आधी हिशेब कागदावर करा.

शॉकअप चिमट्याला काटकोनात असतो तेव्हा स्प्रिंगचा पूर्ण जोर चाकाला मिळतो. कलवला की त्याच स्प्रिंगचा ताठपणा चाकापाशी कमी जाणवतो, आणि हा फरक दुहेरी पडतो कारण जोरही कमी पोचतो आणि दांडाही कमी दबतो. ३० डिग्री कलवलात तर चाकाला स्प्रिंग साधारण पंचवीस टक्के मऊ वाटेल, ४० डिग्रीला चाळीस टक्के. फायदा काय, तर तेवढ्याच दांड्याच्या हालचालीत चाक जास्त हलतं. आणि दुसरा, मला जास्त आवडणारा फायदा, उभ्या शॉकअपमध्ये चाक वर जाता जाता स्प्रिंगचा जोर किंचित उतरत जातो, पुढे कललेल्यामध्ये तो वाढत जातो. म्हणजे सुरुवातीला मऊ, छोट्या गोट्यांवर चाक चिकटून, आणि मोठ्या आपटीला आपोआप ताठ. त्या फोटोतल्या गाड्या त्यासाठी तशा आहेत.

पण तुमच्या आताच्या शॉकअपवर हे केलंत तर स्प्रिंग तर मऊ होईलच, तेलाची अडवणूकही त्याच प्रमाणात कमी होईल, गाडी मागे बसेल, फोर्क कलून पुढचं चाक हलकं होईल आणि तुमची गाडी वळणावर बाहेर बाहेर जाईल. राजापूरकरांचं उलट दुखणं. मग जड स्प्रिंग, जास्त रिबाउंडवाले शॉकअप, आणि चाक जास्त वर येणार म्हणून ते मडगार्डला किंवा सीटखालच्या नळीला लागतंय का हे स्प्रिंग काढून बघणं, हे सगळं ओघाने आलंच. वरच्या माउंटवर येणारा जोरही वाढतो, आणि नळीच्या मधोमध नुसतं कान वेल्ड केलं तर नळी तिथेच वाकते. नळ्या जिथे जुळतात त्या जागेजवळ घ्या, आतून पट्टीचा आधार द्या.

आधी वरचे माउंट पुठ्ठ्यावर आखा, बोल्टने कसता येतील अशा लोखंडी पट्ट्या करा, दोन-तीन भोकं वेगवेगळ्या कोनांना, आणि सड्यावर चालीच्या वेगात फक्त सरावाला वापरून बघा. १५-२० डिग्रीतच तुमचं समाधान होईल असं मला वाटतं. आणि कापायच्या आधी गाडीचं वय बघा. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, पण ती मूळ रूपात असली पाहिजे. एकदा फ्रेम कापली की तो दरवाजा बंद. रस्त्यावर चालवायची असेल तर नोंदणीतल्या रचनेत मनाने बदल करणं कायद्यातही बसत नाही. माझ्या हातात असती तर मी जुनी फ्रेम जपून दुसरी भंगारातली फ्रेम शोधली असती.

प्रश्न (लांजा) : चढावर पुढचं चाक उठतं म्हणून लेथवाल्याकडून चिमटा दोन इंच लांब करून घेऊ का?

उत्तर : नको. पुढचं उठणं कमी होईल हे खरं, पण दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर, गाडी १३७०ची १४२० होईल आणि दोन माडांच्या मधून जी वळायची ती वळणार नाही. शॉकअपचा बोल्ट जिथे होता तिथेच आणि एक्सल लांब गेला म्हणून मागचं अजून मऊ होईल, चिमटा साडेचारशेचा आणि बोल्ट चारशेवर असेल तर जवळजवळ वीस टक्के. म्हणजे चढाला गाडी मागे जास्त बसेल आणि तुम्ही जे टाळायला निघालात तेच थोडं परत येईल. आधी बैठक मोजा, मागे जास्त बसत असेल तर पुढचं उठण्याचं कारण तिथेच आहे. मग मागचं स्पॉकेट दोन-तीन दातांनी मोठं करा म्हणजे क्लच न घसटता हळू चढता येईल, आणि चढाच्या पायथ्याशीच छाती हँडलच्या वर आणा, चढ सुरू झाल्यावर नको.

प्रश्न (मालवण) : माझ्या ट्रायल्स गाडीचे मागचे शॉकअप दर वर्षी गळतात. दोनदा सील बदलले, सहा महिन्यांत परत तेल. एक गळायला लागला की गाडी उतारावर एका बाजूला ओढते असं वाटतं. दोन्ही बदलू की एकच?

उत्तर : सील बिचारे काय करणार, दांडा बघा. समुद्राच्या वाऱ्याने दांड्याच्या क्रोमला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, डोळ्याला दिसतही नाहीत. दांडा पेट्रोलच्या फडक्याने पुसून नख आडवं ठेवून वरून खाली हळू ओढा. नख कुठेही अडकलं तर तीच जागा दर वेळी सीलच्या ओठावरून कानशीसारखी जाते, नवं सील घालून उपयोग नाही. एक-दोनच खड्डे असतील आणि ते सीलच्या पट्ट्यात येत नसतील तर बारीक दगडाने कडा मारून चालवता येतं, जास्त असतील तर दांडा हार्ड क्रोम करून घासून घ्या किंवा शॉकअपच बदला.

आणि बदलाल तर जोडीनेच. एका बाजूला तेल आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही म्हणजे चिमट्याचा एक हात धरलेला आणि एक मोकळा, प्रत्येक आपटीला चिमटा पिळतो, चाक किंचित तिरकं होतं, तुम्हाला ओढल्यासारखं वाटतं ते बरोबर वाटतंय. त्या पिळण्याने बुशही एका बाजूने झिजतो, तोही आताच तपासा.

किनाऱ्यालगत राहणाऱ्या सगळ्यांनाच सांगतो, गाडी नुसती उभी असली तरी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने मागची बाजू धुवा, दांडा कोरडा करून तेलाचा हलका हात फिरवा. दांड्यावर रबरी बूट घातले असतील तर महिन्यातून एकदा ते वर सरकवा, आत अडकलेला खारा ओलावा उघड्या दांड्यापेक्षा जास्त लवकर खातो. चिमट्याच्या बोल्टाला जुन्या गाडीत ग्रीसचा निप्पल असेल तर कडेने नवं ग्रीस दिसेपर्यंत मारा, आणि निघालेलं जुनं ग्रीस बोटावर घेऊन चोळा. तांबूस कणी लागली तर बुश पावसाआधी बदलायचा, गणपतीपर्यंत थांबलात तर बोल्ट आत गंजून बसेल आणि मग तो हातोड्यानेसुद्धा निघत नाही.